धुळीचा पत्ता
(प्रस्तावना)

“आवो, नवंकोरं हाय की! त्याला राड कशाला फासताय?”

अकलूजमध्ये विमानांची मॉडेलं करणाऱ्याला हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो, आणि तो रास्तही आहे. दसऱ्याला ट्रॅक्टर धुऊनपुसून, झेंडूची माळ घालून दारात उभा करणारं हे गाव. नवी वस्तू नवी ठेवणं म्हणजे इथे तिची बूज राखणं. अशा गावात एखादा माणूस डोळे फोडून तळहातावर मावेल एवढं विमान जोडतो, त्याला नितळ रंग देतो, आणि मग तेलाचे ओघळ, उडालेला रंग, चाकांना चिकटलेली माती हे सगळं आपल्याच हाताने त्यावर चढवत बसतो. बघणाऱ्याने कपाळाला हात लावला तर नवल नाही.

ही पुस्तिका म्हणजे त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर. मॉडेलवरची धूळ काहीतरी सांगत असते: हे विमान अमुक ठिकाणी, अमुक ऋतूत, अमुक कामावर होतं. ते सांगणं खोटं असेल तर जोडणी कितीही सुबक असो, मला ते मॉडेल बघवत नाही. बाजारातल्या तयार भुकट्या घेऊन सगळ्या विमानांना एकाच रंगाची माती लावणारे पुष्कळ आहेत. त्यांचं विमान नुसतं मळलेलं दिसतं, कामावरून आलेलं वाटत नाही. धुळीला पत्ता हवा. पुढच्या सगळ्या प्रकरणांमागे हा एवढा एकच आग्रह आहे.

विमान निवडलं आहे डी हॅविलँड टायगर मॉथ. एकावर एक असे दोन पंख, मधे खांब आणि तारा, उघडी कॉकपिट, म्हणजे अस्सल जुन्या घडणीचं बायप्लेन. 26 ऑक्टोबर 1931 रोजी ते इंग्लंडमध्ये पहिल्यांदा उडालं आणि पुढे आठ हजारांवर बनलं. इंजिन 130 अश्वशक्तीचं, वेग फार तर ताशी 175 किलोमीटर. ब्रेक नाहीत, सेल्फ स्टार्टर नाही. पंखा हाताने फिरवून इंजिन चालू करायचं. शेपटीखाली चाकाऐवजी लोखंडी आकडी, ती जमीन उकरत जाते. हे शिकाऊंचं विमान. शिक्षक पुढे, विद्यार्थी मागे, आणि दोघांत बोलायला एक नळी. दुसऱ्या महायुद्धात बेगमपेठ आणि जोधपूरच्या प्राथमिक शाळांत भारतीय वैमानिकांनी उड्डाणाची बाराखडी याच विमानावर गिरवली.

त्याच्या पंखांकडे नीट पाहिलं तर ते किंचित मागे झुकलेले दिसतात. ही ऐट नव्हे. पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मध्यावर, म्हणजे पुढच्या माणसाच्या बरोबर डोक्यावर होती. वेळ आली तर हवाई छत्रीसह त्याला बाहेर पडता यावं म्हणून पंखाचा मधला भाग पुढे सरकवला. त्याने तोल बिघडला, तो सावरायला पंखांची टोकं मागे घेतली. जोडताना हा कोन चुकला की टायगर मॉथ टायगर मॉथ राहत नाही. जुन्या जिप्सी मॉथचे पंख सरळ होते. दोघांतला फरक लांबून ओळखायची ती पहिली खूण.

एअरफिक्सने हे विमान 1/72 आणि 1/48 अशा दोन्ही प्रमाणांत काढलं आहे. मॅचबॉक्सचं 1/32 मधलं जुनं किट कुणाच्या माळ्यावर असेल तर भाग्यच. इथे 1/72 धरलं आहे. खऱ्या विमानाचा पंखविस्तार 8.94 मीटर, तो आपल्या टेबलावर 124 मिलिमीटर होतो. पण किटमधून निघतं ते शिकवणीचं विमान, आणि आपल्याला करायचं आहे ते वेगळंच.

1944-45 मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर काही टायगर मॉथ विमानांची पाठ कापण्यात आली. मागच्या कॉकपिटपासून शेपटीकडे जाणारा वरचा भाग सुटा करून त्याला बिजागऱ्या लावल्या. पेटीसारखं झाकण उघडायचं, जखमी माणसाला आत आडवं ठेवायचं, झाकण लावायचं आणि उडायचं. मोठं विमान जिथे उतरूच शकत नाही अशा भातखाचराएवढ्या पट्टीवरून हे उठत असे. जखमी उचलण्याचं मोठं काम त्या आघाडीवर अमेरिकी बनावटीच्या एल-5 सारख्या हलक्या विमानांनी केलं, टायगर मॉथचा वाटा लहानच. पण शिकवणीच्या विमानाने अंगावर घेतलेलं हे काम मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीत मोठं वाटतं.

त्याचं मोल कळायला सांगशाक आठवावं. मार्च 1944 मध्ये मणिपुरातल्या या डोंगरावरच्या गावी 50 व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने जपान्यांना काही दिवस रोखून धरलं. त्या ब्रिगेडच्या हाताखाली पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती, म्हणजे आपल्याच सातारा-कोल्हापूर-रत्नागिरीकडची माणसं. विमानांनी वरून टाकलेली रसद बहुतेक शत्रूच्या हद्दीत पडली. पाण्याचे हाल झाले. 26 मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम आला, आणि ज्यांना चालता येत नव्हतं अशा जखमींना मागे ठेवावं लागलं. त्या डोंगरमाथ्यावर धावपट्टी नव्हती. हे वाचल्यावर प्लायवुडचं एक झाकण आणि दोन बिजागऱ्या यांच्याकडे मी मॉडेलमधला गमतीचा फेरफार म्हणून पाहू शकत नाही.

प्लायवुडचं म्हणालो ते सहज नाही. टायगर मॉथच्या पहिल्या आवृत्तीत पाठीचा हा भाग लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचा होता. पुढच्या, म्हणजे डीएच 82ए या आवृत्तीत तो प्लायवुडचा झाला. कापड कापून झाकण होत नाही, प्लायवुडचं होतं. म्हणून किट घेताना पाठ गुळगुळीत आहे ना, पट्ट्यांचे उंचवटे नाहीत ना, एवढं पाहून घ्या.

कापायचं कसं, याचं सविस्तर प्रकरण पुढे आहे. इथे एकच गोष्ट सांगतो, कारण नव्या माणसाचा हात तिथेच अडतो. किटमध्ये विमानाचं धड उभ्या दोन फाकांत येतं. आधी त्या दोन्ही जोडून पूर्ण वाळू द्याव्यात, मगच पाठ कापावी. आधी कापली तर दोन अर्धी झाकणं पुढे कधीच एका ओळीत येत नाहीत. करवतीचं पातं कितीही बारीक घेतलं तरी पाव मिलिमीटर प्लास्टिक खातंच. खऱ्या विमानात ते जवळजवळ दोन सेंटिमीटर झाले! तेव्हा कापलेला तुकडा झाकण म्हणून परत वापरायचा नाही. त्याच्यावरून माप घेऊन नवं झाकण प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून काढायचं. दुसरी गोष्ट कडांची. किटच्या भिंतीची जाडी साधारण एक मिलिमीटर, म्हणजे खऱ्या मापात सात सेंटिमीटर. किल्ल्याच्या तटाला शोभेल अशी ही जाडी झाकण उघडं ठेवलं की लगेच उघडी पडते. उघड्या कडा आतून ब्लेडने तासत तासत कागदाएवढ्या कराव्या लागतात. मग आतला सांगाडा दिसू लागतो, आणि किटमध्ये तो नसतोच. धडाचा पोलादी नळ्यांचा सांगाडा स्प्रूच्या, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या, मेणबत्तीवर ताणलेल्या काड्यांनी उभा करायचा. आत झोपवायचा माणूस पावणेसहा फुटी धरला तर 24 मिलिमीटरचा होतो.

पत्रा कुठला, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न. परदेशी प्लास्टिक कार्ड पुण्या-मुंबईहून मागवावं लागतं आणि कुरिअर धरून महागात पडतं. श्रीखंडाच्या डब्याचं झाकण दिसायला झकास असतं, पण ते पॉलिप्रॉपिलीन. किटचा गोंद त्याला अजिबात धरत नाही. जुन्या सीडीची पारदर्शक पेटी मात्र पॉलिस्टायरीनची असते आणि किटच्या प्लास्टिकशी एकजीव होते. ठिसूळ असते, तेव्हा रेघ मारून हलक्या हाताने मोडावी. फटी बुजवायला एम-सील उत्तम. फेव्हिक्विक काचांपासून लांब ठेवा, त्याच्या वाफेने विंडस्क्रीनवर पांढरी साय धरते. नेलपॉलिश काढायचं द्रव्य तर टेबलावरही नको. थेंब पडला की पंख विरघळलाच म्हणून समजा.

आता पुराव्याविषयी. मराठी माणसासमोर जुन्या विमानाचं नाव काढलं की शिवकर बापूजी तळपदे यांची गोष्ट निघतेच: 1895 साली गिरगाव चौपाटीवर त्यांनी उडवलं म्हणतात ते ‘मरुत्सखा’ विमान. श्रद्धेचा भाग श्रद्धेपाशी. मॉडेल करणाऱ्याची अडचण साधी आहे. त्या यंत्राचा भरवशाचा फोटो नाही, मोजमापाचा आराखडा नाही. त्याचं जे काही कराल ते शिल्प होईल, प्रतिकृती होणार नाही. आमच्या अकलूजच्या किल्ल्यात शिवसृष्टी आहे. तिथले प्रसंग बघायला शाळांच्या सहली येतात आणि मुलं भारावून जातात. ते शिल्पांचं काम आहे आणि ते तिथे चोख होतं. प्रतिकृतीचा धंदा वेगळा, तिला साक्षीदार लागतात.

साक्षीदार असूनही घोटाळे होतात. जे. आर. डी. टाटांनी 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपाल आणलं, त्या प्रसंगाच्या चित्रांत हटकून दोन पंखांचं विमान काढलेलं दिसतं. ते विमान पुस मॉथ होतं. एकच पंख, तोही डोक्यावर, आणि बंद केबिन. दोन पंखांची जिप्सी मॉथ त्यांनी 1930 मध्ये आगाखान बक्षिसाच्या शर्यतीत चालवली, जी अस्पी इंजिनिअर जिंकले. दोन प्रसंग, दोन विमानं. चित्रकारांनी त्यांची खिचडी करून टाकली.

फोटोही सरळ बोलत नाहीत. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नाही आणि पिवळा तिच्यावर गडद उमटतो. शिकवणीच्या विमानांची पोटं पिवळीधमक असत. अशा फोटोत ती काळपट दिसतात, आणि एखादा भाबडा माणूस ती तपकिरी रंगवून मोकळा होतो. किटमधल्या चिन्हांतही फसगत आहे. लाल-पांढरी-निळी वर्तुळं ब्रह्मदेशाच्या आघाडीवर 1943 पासून बदलली, कारण जपानी विमानांवरचा लाल गोळा आणि आपल्या चिन्हातला लाल ठिपका यांत गोळी झाडणाऱ्याची गल्लत होई. लाल काढून टाकून दोन निळ्या छटा ठेवल्या. तेव्हा पाठ कापलेल्या विमानावर लाल ठिपका राहिला, तर एका चिमुकल्या वर्तुळाने सगळ्या मेहनतीवर पाणी फिरतं.

हे झाल्यावरच राड फासायला बसायचं. वेदरिंगची, म्हणजे मॉडेल वापरलेलं दिसावं म्हणून करायच्या या कामाची, सर्वांत मोठी खोड म्हणजे चंदेरी टवके. धातूच्या लढाऊ विमानांचे फोटो बघून लोक टायगर मॉथच्या पंखांवरही चांदीचे ठिपके मारतात. अहो, पंख लाकडाचा आणि त्यावर ताणलेलं कापड. आतून पत्रा निघणार कुठून? टवके फक्त इंजिनाच्या झाकणावर, तेही पेचांच्या आणि हाताने उघडण्याच्या जागी. कापडाचं म्हातारपण वेगळं असतं. ते उन्हाने विटतं, वरच्या बाजूला जास्त आणि खालच्या बाजूला कमी. वरच्या पंखाच्या सावलीत खालच्या पंखाचा काही भाग ताजा राहतो. फाटलं तर ठिगळ लागतं, आणि ठिगळ भोवतालच्या विटलेल्या रंगापेक्षा नेहमी गडद असतं. एखादं चौकोनी ठिगळ, कडा करवतीसारख्या कातरलेल्या, एवढं नेमक्या जागी दिलं तरी पंख जुना होतो. ते देण्याआधी मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून ठेवावा, कारण एवढ्या लहान वस्तूवर खऱ्या डब्यातला रंग डोळ्यांना जास्तच काळा लागतो.

पाठीवरच्या झाकणाची तऱ्हा तिसरीच. ते प्लायवुड आहे आणि दर फेरीला उघडतं, मिटतं. त्याच्या कडा जिथे हात पडतो तिथे रंग घासून लाकूड उघडं पडणार. स्ट्रेचरची टोकं आत सरकवताना कॉकपिटच्या काठावर ओरखडे उठणार. कापलेल्या विमानाची कथा त्याच्या झिजेतून वाचता येते ती इथे, आणि शिकवणीच्या विमानाला यातलं काहीच लागू नाही. शिकवणीच्या विमानावर झीज असते ती खालच्या पंखाच्या मुळाशी, जिथे पाय देऊन चढतात त्या काळ्या पट्टीवर.

तेल मात्र दोन्हींना. या इंजिनाचे चारही सिलिंडर उलटे, डोकं खाली करून लटकवलेले, त्यामुळे ते पोटाखाली ठिबकतच राहतं. ओघळ पुढून मागे जातात, कारण विमान उडतं. सरळ खाली जाणारा ओघळ उभ्या विमानाचा. दोन्ही असावेत, पण दोन्हींची जाडी सारखी नसावी. तैलरंगातला बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून एक थेंब सोडायचा, तो अर्धवट वाळला की कोरड्या ब्रशने मागे ओढायचा. वरच्या पंखावर टाकीच्या तोंडाशी पेट्रोल सांडतं. तो डाग तेलासारखा काळा नसतो. तिथला मळ धुऊन निघालेला असतो आणि कडेला एक फिकट रेघ राहते.

आणि धूळ. तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण अकलूजला होतं. अश्व धावून गेला की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात. त्या दिवशी संध्याकाळी वारकऱ्यांच्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहावं. धोतराच्या सोग्याला दाट थर, गुडघ्याच्या वर विरळ, टोपीवर नुसता धुरळा, आणि जिथे घाम होता तिथे धूळ चिकटून गडद झालेली. टायगर मॉथवर धुळीची मांडणी नेमकी अशीच असते: चाकं आणि आकडी दाट, खालच्या पंखाचं पोट मध्यम, वरचा पंख जवळपास स्वच्छ, आणि घामाच्या जागी तेल. पुस्तकांतल्या रंगीत आकृत्यांपेक्षा ते रिंगण मला जास्त उपयोगी पडलं. साखरपट्ट्यातल्या माणसाला काजळीही ओळखीची. ती वरून पडते आणि आडव्या पृष्ठावर बसते. तिची आणि चाकाने उडवलेल्या मातीची जागा कधी अदलाबदल होत नाही.

रंगाचं काय? आपली काळी माती ओली असतानाच काळी. वाळून उडू लागली की राखाडी, किंचित पिवळट. बेगमपेठेचं विमान करायचं तर तांबूस मुरूम हवा, जोधपूरचं तर वाळूचा फिका पिवळा. आणि ब्रह्मदेशाच्या अराकान किनारपट्टीत, भातखाचरं सपाट करून आखलेल्या पट्टीवरचं करायचं तर करडा-तपकिरी गाळ, त्यात वाळलेल्या धसकटाचे एक-दोन तुकडे आकडीला अडकलेले. तोच चिखल, पावसाळ्याआधीचा की नंतरचा, यावर त्याचा ओलेपणा ठरतो. सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या पॉलिश पेपरवर घासून तिन्ही प्रकारची भुकटी घरी होते. खरी माती चाळून लावू नका. तिचा कण कितीही बारीक असला तरी या मापात तो दगड होतो.

तारांवर मी फार लिहीत नाही, त्यासाठी पुढे आकृत्या आहेत. या विमानाच्या तारा गोल नसून चपट्या, हवा कापणाऱ्या पात्यांसारख्या होत्या, एवढं ध्यानात ठेवा. मासेमारीचा सर्वांत बारीक तंगूस घेऊन तो ताणून बसवावा. तारा रंगकामानंतर आणि धुळीच्या आधी. उलट क्रम केला की बोटांनी सगळी धूळ पुसली जाते.

आपल्या उन्हाळ्याबद्दलही परदेशी पुस्तकं काही सांगत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा अॅक्रिलिक रंग ब्रशच्या टोकावरच वाळतो. पहाटे रंगवा, दुपारी घासकाम करा. थिनर वापरताना खिडकी उघडी हवी, कूलर बंद. नाहीतर ओल्या रंगावर दमट वारा बसून पांढरट झाक येते.

भारतीय हवाई दलात टायगर मॉथची जागा घेणारं एचटी-2 हे 1951 मध्ये बंगळूरला उडालं. त्याचे रचनाकार डॉ. विष्णू माधव घाटगे, गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्याकडे शिकलेले मराठी गृहस्थ. त्यांच्या विमानाला एकच पंख आणि अंगावर धातूचा पत्रा, म्हणजे चंदेरी टवक्यांची हौस तिथे मनसोक्त भागवता येईल. त्यावर वेगळी पुस्तिका व्हायला हवी. टायगर मॉथ मात्र अजून संपलेलं नाही. हवाई दलाच्या व्हिंटेज फ्लाइटने एक विमान दुरुस्त करून पुन्हा उडतं केलं. ते प्रत्यक्ष पाहायचा योग आला तर चकाकीकडे कमी आणि इंजिनाखालच्या जमिनीकडे जास्त लक्ष द्या.

एक विनंती करून थांबतो. माळशिरस, माण, खटाव, सांगोला या भागांतून पुष्कळ माणसं त्या युद्धात गेली. कुणाच्या घरी लोखंडी ट्रंकेत ब्रह्मदेशातला एखादा फोटो असेल आणि त्याच्या कोपऱ्यात चुकून का होईना विमानाचा पंख, चाक, धावपट्टीचा तुकडा आला असेल, तर तो ओल्या फडक्याने मुळीच पुसू नका. उजेडात नेऊन मोबाइलवर दोन फोटो घ्या: एक पुढून, आणि एक पाठीमागून, जिथे पेन्सिलीने गावाचं नाव आणि तारीख लिहिलेली असते.